पॅकिंग दुपारच्या चार वाजताचं करा

प्रश्न असा आहे: 'आम्ही खानापूरचे (जि. बेळगाव) आठ जण एप्रिलच्या सुट्टीत थीम पार्कला निघालोय. आम्ही दोघं, दीर-जाऊ, त्यांची चौदा वर्षांची मुलगी, आमची दोन मुलं (एक अकरा, एक चार) आणि सासूबाई. खोपोली की बेंगळूर हे अजून ठरायचंय. कपडे, खाऊ, औषधं, चार्जर यांची यादी झाली. पण जाऊन आलेले सगळे म्हणतात, काहीतरी राहतंच. ते काहीतरी म्हणजे नेमकं काय? सासूबाईंना शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे.'

ताई, जे राहतं ते जवळपास सगळ्यांचं सारखंच असतं. बॅग भरताना आपल्या डोळ्यांपुढे सकाळ असते. इस्त्रीचे कपडे, गेटासमोरचा फोटो, पहिली राइड. मी बेळगावातून कुटुंबांच्या आणि शाळांच्या सहली नेतो. सकाळी आत शिरताना कुणाचं काही अडलेलं फारसं दिसत नाही. अडतं ते दुपारी चारच्या सुमाराला. पोरं पाण्यातून बाहेर येऊन कुडकुडत असतात, मांड्या घासून लाल झालेल्या असतात, एक चप्पल सापडत नसते, फोन दहा टक्क्यांवर आलेला असतो आणि अर्ध्या राइड अजून बाकी असतात. त्या वेळेला हाताशी काय लागेल एवढाच विचार करून बॅग भरा, निम्मी यादी आपोआप बदलेल.

आधी ठिकाण ठरवा, कारण बॅग त्यावर ठरते. खोपोलीचं इमॅजिका घाट उतरून खाली, रायगड जिल्ह्यात, खोपोली-पाली रस्त्यावर आहे. म्हणजे कोकणच झालं की. आपण साडेसहाशे-साडेसातशे मीटर उंचीवर राहणारी माणसं. भर मे महिन्यातसुद्धा आपल्याकडे संध्याकाळी वारा सुटतो, एखादा वळीव येऊन जातो. तिथं एप्रिलमध्ये अंगावरचा घाम वाळत नाही. सावलीत उभं राहिलं तरी शर्ट पाठीला चिकटलेलाच. बेंगळूरचं वंडरला बिडदीजवळ म्हैसूर रोडवर आहे, पठारावर. हवा आपल्यासारखी कोरडी. ऊन चटकतं, पण पाण्यातून बाहेर आलं की वाऱ्यानं हुडहुडी भरते. तेव्हा खोपोलीला माणशी एक जोड जास्त घ्या आणि बेंगळूरला धाकट्यासाठी पूर्ण बाह्यांचं एक पातळ जॅकेट. बाकी सामान दोन्हीकडे सारखंच.

एप्रिल निवडलात हे चांगलं केलंत. आपल्या कर्नाटकातल्या शाळांना एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुट्टी लागते आणि महाराष्ट्रात तेव्हा परीक्षा चालू असतात. त्या दोन आठवड्यांत खोपोलीला मधल्या वारी गेलात तर रांगा आखूड मिळतात. मे उजाडला की अख्खी मुंबई आणि पुणं तिथं लोटतं. बेंगळूरला आपल्याला हा फायदा नाही, तिथल्या मुलांनाही आपल्याच वेळी सुट्टी असते.

आता सामान. आठ जणांच्या आठ सॅक करू नका. आत नेण्याच्या फक्त दोन, बाकी सगळं गाडीत किंवा खोलीवर. एक सॅक लॉकरमध्ये राहील ती कोरडी, दुसरी दिवसभर पाठीवर. पाठीवरच्या सॅकेत टोप्या, एक-दोन रिकाम्या पाण्याच्या बाटल्या (काचेची नको), ओआरएस, सनस्क्रीन आणि सासूबाईंचं सामान. पिण्याचं पाणी आत मिळतं, बाटली मात्र आपली लागते. बाहेरचं खाणं दोन्हीकडे गेटावरच थांबवतात. लहान बाळाचं खाणं आणि औषधं याला सहसा अपवाद असतो, तरी औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. डबे भरून गेलेली मंडळी गेटावर वाद घालताना मी नेहमी बघतो. वाद घालून काही होत नाही, उलट रांग हातची जाते. कडक भाकरी, शेंगाचटणी, चिरमुरे हे सगळं घ्याच, पण ते जातायेताच्या वाटेसाठी आणि रात्री खोलीवर खायला. पार्कमध्ये दिवसभर तळकट खाऊन रात्री कुणालाही पुन्हा हॉटेलात जायचं नसतं. तेव्हा ती कडक भाकरी आणि दही किती गोड लागतं बघा. नातेवाइकांसाठी कुंदा (आपली बेळगावची दुधाची मिठाई) नेत असाल तर तो मात्र उन्हातल्या बंद डिकीत ठेवू नका.

वॉटर पार्कच्या कपड्यांवर जरा जास्त बोलतो, कारण सगळ्यात जास्त पैसा आणि वेळ तिथं जातो. पाण्यात नायलॉनचे, लायक्राचे किंवा तसल्याच सिंथेटिक कापडाचे कपडे लागतात. साडी, पंजाबी ड्रेस, ओढणी, जीन्स, सुती बनियन आणि बर्म्युडा घालून उतरू देत नाहीत. पुष्कळांना हा पार्कवाल्यांचा भाड्याचे कपडे खपवायचा डाव वाटतो. तसं नाही. सुती कापडाचे तंतू सुटून पाण्याच्या फिल्टरमध्ये अडकतात. भिजलेलं सुती कापड जड होऊन पायात गुंडाळतं. जीन्सची बटणं आणि चेन घसरगुंडीचा गुळगुळीत थर ओरखडतात आणि मग त्याच ओरखड्यानं मागून येणाऱ्याची पाठ सोलते. कपडे आत विकत किंवा भाड्यानं मिळतात, पण गर्दीच्या दिवशी त्या काउंटरलाही रांग असते आणि मोठ्या बाईच्या मापाचं काही उरत नाही. बेळगावला आलात की गणपत गल्ली-खडेबाजारात फिरून घेऊन टाका. बायकांसाठी गडद रंगाची नायलॉनची लेगिंग आणि लांब, पूर्ण बाह्यांचा टॉप घ्या. पांढरा आणि फिका रंग भिजल्यावर पारदर्शक होतो, तो नको. दुकानदार 'मिक्स आहे, चालतंय की' म्हणाला तरी लेबल बघा. पुरुषांचं आणि पोरांचं काम फुकटात होतं: गल्लीच्या क्रिकेट टीमची किंवा मंडळाची जर्सी बहुतेक पॉलिस्टरचीच असते. तीच घाला, खाली चेन आणि धातूचं बटण नसलेली स्पोर्ट्स चड्डी. आठ जण एकाच रंगात असले की गर्दीत शोधायलाही सोपं जातं. नवी लेगिंग घरी एकदा भिजवून घालून बघा आणि सोबत चार सेफ्टी पिना, एक जादा नाडी ठेवा. इलॅस्टिक ऐन घसरगुंडीच्या जिन्यावरच दगा देतं.

टॉवेल नेऊ नका, पंचे न्या. जाड टर्किश टॉवेल एकदा भिजला की दिवसभर वाळत नाही, सॅकेत दगडासारखा बसतो आणि संध्याकाळी त्याला वास मारतो. सुती पंचा हवेवर तासाभरात वाळतो. उन्हात डोक्यावर घेता येतो, कपडे बदलताना आडोसा होतो, तापलेल्या बाकावर अंथरता येतो, गाडीत झोपलेल्या पोराच्या अंगावर टाकता येतो. माणशी एक आणि वर दोन. यात्रेला निघालेली आपली म्हातारी माणसं खांद्यावर पंचा टाकूनच निघायची, त्यामागं अनुभव होता.

ओल्या कपड्यांसाठी पिशवी ही तर हमखास राहणारी वस्तू. कॅरीबॅगवर कर्नाटकात २०१६ पासून आणि महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, त्यामुळे आयत्या वेळी दुकानात 'एक मोठी पिशवी द्या हो' म्हणून भागत नाही. घरातली जाड, धुतलेली प्लास्टिकची गोणी किंवा झिपच्या मोठ्या पिशव्या घडी करून सॅकेच्या तळाला टाका. आठ जणांचे ओले कपडे म्हणजे बादलीभर ओझं होतं. खोलीवर वाळत घालायला पाच-सहा मीटर नायलॉनची दोरी आणि डझनभर चिमटे घ्या. हॉटेलच्या बाथरूममधल्या एका दांडीवर सोळा कपडे वाळत नाहीत.

पायांचं बोलू. दिवसभरात आठ-दहा किलोमीटर चालणं सहज होतं, त्यातलं निम्मं ओल्या पायांनी. नवे बूट नकोत, हवाई चप्पल नको, ती ओल्या फरशीवर घसरते. जुने, मागं पट्टा असलेले, पाण्याचं वावडं नसलेले सँडल सगळ्यांना. कोल्हापुरी तर अजिबात नको. आपल्या अथणी-निपाणी भागात बनणाऱ्या कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान वेगळा. पण भिजलं की चामडं फुगतं आणि जोड वाया जातो. पाण्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात अनवाणी जाताना तापलेली फरशी चटके देते, म्हणून धाकट्याचे सँडल आपल्या हातात ठेवा. फोड येण्याआधीच, म्हणजे पाय नुसता चुरचुरायला लागला की तिथं चिकटपट्टी लावायची. फोड आल्यावर उपयोग अर्धाच. आणि मांड्या. यावर कुणी उघड बोलत नाही, पण ओलं नायलॉन घालून तासभर चाललं की मांड्यांच्या आतल्या बाजूची सालं निघतात, मोठ्यांची तर फारच. सकाळी निघतानाच पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा आणि छोटी डबी सोबत ठेवा. घरातल्या पुरुषांनाही सांगा. ते लाजेनं मागत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी फेंगडे चालतात.

अंगावरचं सोनं घरी ठेवून या, म्हणजे पुढचा सगळा घोर मिटला. गार पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी, जोडवी कधी गळून पडली ते कळतही नाही. काचेच्या बांगड्या फुटल्या तर दुसऱ्याच्या पोराच्या पायात जातात. पैंजण घसरगुंडीच्या सांध्यात अडकू शकतात. सासूबाई मंगळसूत्र काढणार नाहीत, हे मी गृहीतच धरतो. त्यांना पाण्यात उतरायचंच असेल तर जाताना काळ्या मण्यांची साधी, आखूड पोत गळ्यात असू दे, तीसुद्धा टॉपच्या आत पिनेनं अडकवलेली. चष्मेवाल्यांनी चष्म्याला मागं दोरी लावा, ती चष्म्याच्या दुकानात स्वस्तात मिळते. जुना चष्मा सोबत घ्या. केस तेलकट नकोत, घट्ट वेणी घाला. पाण्यात उतरण्याआधी साध्या पाण्यानं केस भिजवून घेतले की क्लोरीनचं पाणी केसांत कमी मुरतं.

तुमच्या पुतणीचं एक सांगतो, जाऊबाईंच्या कानावर घाला. तारीख जवळ असो वा नसो, चौदा वर्षांच्या मुलीच्या सामानात दोन पॅड, एक गडद अंतर्वस्त्र आणि एक कागदी पिशवी असलीच पाहिजे. दगदगीनं दिवस मागंपुढं होतात. पॅड पाण्यात फुगतं, त्याचा काही उपयोग होत नाही. टॅम्पॉन किंवा कप वापरायची सवय नसेल तर त्या दिवशी तिनं कोरड्या राइड कराव्यात आणि कुणी तिला 'का गं उतरत नाहीस' म्हणून छळू नये. पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून घेतात हे मला माहीत आहे. त्या साधारण तारखेच्या तीन दिवस आधी सुरू कराव्या लागतात आणि सगळ्यांना चालत नाहीत, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पोरीच्या बाबतीत तर मुळीच नको.

मुलांची उंची निघायच्या आधी दाराच्या चौकटीला उभं करून सेंटीमीटरमध्ये मोजून लिहा, अनवाणी. तिकीट आणि राइड, दोन्ही वयावर नसून उंचीवर आहेत. वंडरलाला ८५ सें.मी.च्या आतल्या मुलाला तिकीट नाही आणि ८५ ते १४० सें.मी. लहान मुलाचं तिकीट. तुमचा अकरा वर्षांचा नेमका १४० च्या काठावर असणार, म्हणून आधी मोजलेलं बरं. मोठ्या राइडना सहसा १२० ते १४० सें.मी. उंची लागते. धाकटा कशात बसू शकतो आणि कशात नाही हे त्याला घरीच सांगून ठेवा. राइडच्या दारात कळलं तर तो तिथंच लोळण घेतो.

तोच धाकटा हरवू शकतो, त्याची तयारी आदल्या रात्री करा. खिशातली चिठ्ठी पाण्यात विरघळते, बॉलपेनची शाई जाते. त्याच्या दंडाच्या आतल्या बाजूला घरच्या मेंदीच्या कोनानं तुमचा मोबाईल नंबर काढा. क्लोरीनच्या पाण्यातही ती दोन-चार दिवस टिकते आणि पोराला गंमत वाटते. काळी मेंदी म्हणून जे विकतात ते वापरू नका, त्यात केस काळे करायचं रसायन असतं, कातडीला फोड येतात. बेंगळूरला जाणार असाल तर आणखी एक. मोठी माणसं कन्नड-मराठी दोन्ही बोलतात, पण चार वर्षांचं मूल घाबरलं की फक्त मराठीत रडतं आणि तिथल्या सिक्युरिटीवाल्याला 'आई कुठाय' एवढंही कळेलच असं नाही. नाव, 'मराठी बोलतो' आणि नंबर एवढं कन्नड व इंग्रजीत लिहून, लॅमिनेट करून त्याच्या कपड्याला आतून पिनेनं लावा. पुतणी शाळेत कन्नड शिकतच असेल, तिच्याकडून लिहून घ्या. आत जाताना त्या दिवशीच्या कपड्यांतला सगळ्या मुलांचा एक फोटो काढा आणि चुकलं तर कुठं भेटायचं ती जागा बोटानं दाखवून ठेवा. गर्दीत फोन लागेलच असं नाही आणि निम्म्या जणांचे फोन तर लॉकरमध्ये असतात. फोनची वॉटरप्रूफ पिशवी, गळ्यात अडकवायची, दोघांना पुरे. ती घरी आधी टिश्यू पेपर घालून बादलीत बुडवून तपासा.

सासूबाईंना न्या, जरूर न्या. पण त्यांचं सामान वेगळं आहे. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. चालू असलेलं पेन साधारण २५ ते ३० अंशांच्या आत काही आठवडे टिकतं, नेमके दिवस त्याच्या कागदावर लिहिलेले असतात. खोपोलीची एप्रिलची दुपार त्याच्या वर जाते आणि उन्हात बंद उभी असलेली गाडी तर पन्नास अंशांच्या पुढं. त्यामुळे इन्सुलिन गाडीत ठेवायचं नाही. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये थोडा बर्फ, त्यावर रुमालाची जाड घडी आणि वर झिपच्या पिशवीत पेन. बर्फाला थेट टेकलं तर इन्सुलिन गोठून निकामी होतं. ग्लुकोमीटर, पट्ट्या आणि सुया सोबत. सतत चालण्यानं शुगर अचानक उतरू शकते, म्हणून ग्लुकोजची पुडी किंवा खडीसाखर सॅकेत न ठेवता त्यांच्या स्वतःच्या कमरेच्या पिशवीत द्या आणि त्या पिशवीत एक कागद ठेवा: काय आजार, कुठली औषधं, कुणाला फोन करायचा. पायाला चटका किंवा फोड आलेला शुगरवाल्यांना लवकर कळत नाही, म्हणून त्यांना मोजे आणि बंद सँडल घाला आणि संध्याकाळी तळवे स्वतः बघा. मोठ्या राइडवर बीपी, हृदयविकार, मान-पाठीचं दुखणं असलेल्यांना आणि गरोदर बायकांना बसू देत नाहीत, तेव्हा बराच वेळ त्या बाकावर बसून राहणार. त्यांना पंखा, पंचा, जपमाळ किंवा पेपर, जे आवडेल ते द्या. सगळ्यांच्या चपला आणि पिशव्या मात्र त्यांच्याभोवती रचून ठेवू नका. त्याही फिरायला आल्यात.

ओआरएस घेताना पाकीट बघून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी एका लिटरला साधारण साडेवीस ग्रॅमची असते, २०० मिलीची छोटी पुडीही मिळते. पाणी तेवढंच घालायचं, अंदाजानं नाही. फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएस म्हणून खपवली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं) त्यांच्या वेष्टनावर तो शब्द वापरायला बंदी घातली. सासूबाईंना तर ती गोड पेयं नकोतच. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा वरचं, उन्हात जाण्याआधी पंधरा-वीस मिनिटं आणि पुढं दर दोन तासांनी, पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. एकदा सकाळी लावून कुणी वाचत नाही. कान, मानेची मागची बाजू आणि पायाचा वरचा भाग हमखास राहतो. बाकी ताप, जुलाब, खरचटणं यांची औषधं तुमच्या यादीत असतीलच.

गाडी लागणारं कुणी असेल तर खोपोलीच्या वाटेत खंबाटकी, खंडाळा असे घाट आहेत. गोळी घाटाच्या पायथ्याशी घेऊन उपयोग नाही, निघण्याआधी तासभर तरी घ्यायला हवी. तिनं झोप येते. मुलांना किती द्यायची ते डॉक्टरांना विचारा, दोन वर्षांच्या आतल्यांना तर देऊच नये. आलेपाक आणि लिंबू आहेच. खानापूरहून सव्वाचारशे किलोमीटरच्या वरचा रस्ता, हायवेच्या सहापदरीकरणाची कामं, हत्तरगीपासून खेड-शिवापूरपर्यंतचे टोलनाके, वर एक्स्प्रेसवेचा वेगळा टोल. फास्टॅगमध्ये पैसे भरून ठेवा. फास्टॅगचा वार्षिक पास काढला असेल तर तो राष्ट्रीय महामार्गावरच चालतो, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर नाही. टेम्पो ट्रॅव्हलर ठरवत असाल तर कोगनोळीच्या पुढं, म्हणजे महाराष्ट्रात जायचं परमिट आहे का, हे मालकाला आगाऊ रक्कम देण्याआधी विचारा. खोपोलीला गेलेली आपली माणसं महडचा वरदविनायक आणि पालीचा बल्लाळेश्वर करूनच येतात. तसं असेल तर दर्शनाचे कपडे वेगळ्या पिशवीत वरच ठेवा, ओल्या गोणीच्या शेजारी नको.

बेंगळूरला रेल्वेनं जाणार असाल तर बाजारातून दोन-तीन छोटी कुलपं आणा. रात्रीच्या गाडीनं सकाळी उतरून थेट पार्क गाठायचं, तर सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवावं लागतं आणि कुलूप नसलेली बॅग ते घेत नाहीत. तिकीट आणि ओळखपत्र लागतं. ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारतही आहे, ती पहाटे बेळगाव सोडून दुपारी पोचते, म्हणजे त्या दिवशी पार्क नाही. बायकांनी मूळ आधार कार्ड सोबत ठेवावं. बसनं जायचं झालं तर कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना साध्या आणि एक्स्प्रेस गाड्या मोफत आहेत, त्याला कर्नाटकाचा पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं. स्लीपर, राजहंस, ऐरावत यांना ती सवलत नाही, आणि महाराष्ट्रात जाणाऱ्या गाडीतही नाही. ज्येष्ठांच्या आणि विद्यार्थ्यांच्या तिकिटात सवलत असेल तर तीही ओळखपत्राशिवाय मिळत नाही, म्हणून पुतणीचं शाळेचं ओळखपत्र टाका.

न नेण्याचं थोडक्यात: स्टीलचे डबे, सेल्फी स्टिक (राइडवर चालत नाही), ड्रोन, साड्या, मोठा कॅमेरा, प्रत्येकाची वेगळी पाण्याची बाटली. पावसाळ्यात कधी गेलात तर छत्री नको, रेनकोट घ्या. रांगेत छत्रीची काडी शेजारच्याच्या डोळ्यात जाते.

रोख पैसे थोडे तरी घ्या, पाचशेच्या एक-दोन नोटा आणि सुटे, झिपच्या पिशवीत. लॉकरच्या भाड्याबरोबर डिपॉझिट भरावं लागतं. त्याची पावती भिजली की संध्याकाळी काउंटरवर बोलाचाली होते, म्हणून लॉकर घेतल्याबरोबर पावतीचा आणि लॉकर नंबरचा फोटो दोघांच्या फोनमध्ये काढून ठेवा, आणि किल्ली अकरा वर्षांच्याच्या मनगटावर न देता जाऊबाईंकडे द्या.